मोराचं कार्ड आणि हिरवं लुगडं

निधनवार्तांच्या पानावर मी बरीच वर्षं काम केलं आणि त्या काळात माझ्या हातून एकही जिवंत माणूस छापून गेला नाही. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. पुढचा मजकूर वाचल्यावर त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पान नागपूरच्या एका दैनिकाचं होतं. नियम साधा होता. फोन कोणाचाही येवो, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारून दुजोरा घ्यायचा आणि मगच नाव सोडायचं. (एका गृहस्थांनी आपल्या चुलत्याची बातमी दिली. दुजोऱ्यासाठी फोन लावला तर तो चुलत्यांनीच उचलला. बातमी थांबवली. चुलते मात्र, जागा राखलीच आहे तर पुतण्याचं नाव टाका, म्हणत होते.)

आता घरची हकिकत.

आई, माहेरची शांती, आणि बाबूजी सेलूला राहतात. आईची पंचाहत्तरी करायची असं ठरलं आणि आईनं एक अट घातली. "पाटावर बसन तं माहेरच्या लुगड्यात. दादा लुगडं घेऊन आला पाह्यजे. नाई तं तुमी पाटालेच ओवाळा."

दादा म्हणजे वडनेरचे गुलाबमामा, आईचे थोरले आणि एकुलते भाऊ. ते आमच्यावर रुसलेले होते, आणि त्या रुसव्याचं मूळ माझ्या गद्यात होतं. नागपूरच्या माझ्या नव्या घराच्या वास्तूला मी सगळ्या नातेवाइकांना मोबाईलवर एकच मजकूर पाठवला होता. शेवटची ओळ होती, 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.' मामा आले नाहीत. आईनं फोन करून विचारलं तेव्हा म्हणाले, "तुह्या पोरानं समजावे असं लिहिलं. मी नाई समजलो." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून वडनेर बंद. राखी पोस्टानं जायची. ती पोचत असावी, दुजोरा नव्हता. एका दिवाळीत मी स्वतः गेलो, तर मामींनी दारातच सांगितलं, "हे वावरात गेले." मामांच्या चपला ओसरीवर होत्या आणि आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी चपलांना नमस्कार करून परतलो.

ज्यांनी मामांना पूर्वी पाहिलं नाही त्यांना या रुसव्याचं वजन कळणार नाही. आमच्या लहानपणी पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा वडनेरहून एसटीनं सेलूला यायचे, ते फक्त आमचे बैल रंगवायला. शिंगांना रंग कोणीही देतो. मामा बैलाच्या अंगावर ठसे उमटवायचे. त्यासाठी त्यांनी सागाच्या ठोकळ्यावर चाकूनं मोर कोरला होता. (मोर हे मामांचं म्हणणं. आम्हा पोरांना ती कोंबडी वाटायची. मामीसुद्धा आमच्या बाजूनं होत्या.) गेरू तेलात कालवायचा, ठसा बुडवायचा, बैलाच्या पाठीवर अलगद दाबायचा आणि बैलानं अंग थरथरवायच्या आत उचलायचा. त्या गेरूचा वास, बैलाच्या अंगाची ऊब आणि मामांचं "हलू नको गा राजा," हे सगळं एकत्रच आठवतं. आमचे बैल गावात वेगळे ओळखू यायचे. पाठीवर कोंबड्या असलेली जोडी दुसऱ्या कोणाची नव्हती.

पुढे ट्रॅक्टर आला, बैल गेले. ठसा आईकडे राहिला. दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर वजन म्हणून तो ठेवलेला असायचा. मांजरांनी त्या मोराला चांगलंच ओळखलं होतं.

कार्डाची कल्पना माझ्या मुलीची, मुक्ताची. ती कॉलेजात आहे आणि हातानं भेटकार्डं करते. ठसे उमटवते, अक्षरं उठावदार करते. ती म्हणाली, "आजी, मामाआजोबांना हातानं केलेलं कार्ड पाठवू. असं कार्ड बघून कोणी घरी बसूच शकत नाही."

हे तिचं म्हणणं पुढे शब्दशः खरं ठरलं.

आईनं झाकणावरचा ठसा उचलला, पदरानं पुसला आणि मुक्ताच्या हातात दिला. "हा उमटव. दादा वळखन."

उठावाची रीत अशी. ठसा पारदर्शक चिकट शाईत बुडवून कागदावर दाबायचा. त्यावर पांढरी पूड भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि उरलेल्या पुडीला गरम हवा द्यायची. पूड वितळते, फुगते आणि नक्षी कागदावर उठून येते. शाई आणि पूड कुरिअरनं आली होती. गरम हवेचं यंत्र आलं नव्हतं.

"केसं वाळवाचं मशीन हाये ना," आई म्हणाली.

ते होतं. मुक्तानं ते सुरू केलं आणि सगळी पूड क्षणात कागदावरून उठली. काही आईच्या निवडलेल्या डाळीत गेली. बरीचशी समोर पेपर वाचत बसलेल्या बाबूजींच्या मिशीवर स्थिरावली. एरवी ती झटकता आली असती. पण चिकट शाईची बाटली बाबूजींनीच मघाशी उघडून दिली होती आणि नंतर सवयीनं मिशीला पीळ भरला होता.

"आजोबा, हलू नका," मुक्ता म्हणाली.

"हलून कोण राह्यलं? मिशीच हलत नाई."

तेल लावलं, साबण लावला, कोमट पाणी लावलं. मिशी पुठ्ठ्यासारखी राहिली. शेवटी न्हाव्याला घरी बोलावलं. त्यानं बोटानं टिचकी मारून पाहिली, टक असा आवाज आला, आणि त्यानं पूर्ण मिशी उतरवली. बाबूजींचा वरचा ओठ आम्ही भावंडांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर पंचाहत्तरीपर्यंत ते कोणाशी फारसं बोलले नाहीत आणि अंगणात एकटे बसून राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे कामाला येईल.

मग मुक्तानं कार्ड तव्यावर धरलं. सांडशीत कागद, खाली मंद आच. हा उपाय लागू पडला. पूड वितळली आणि पांढऱ्या कागदावर पांढरा मोर हळूहळू वर आला. आईनं त्याच्यावरून बोट फिरवलं. "शेपटीजवळ चाकू घसरलता दादाचा," ती म्हणाली. "तेबी उमटलं, पाह्य."

मजकूर माझ्याकडे आला. आईनं सांगितलेला मजकूर लांबलचक होता. त्यात दोघांचं बालपण होतं, विहीर होती, आंब्याचं झाड होतं, 'चुकलंमाकलं पोटात घाल' होतं. मी तो कापला. (ज्याला हातात आलेला मजकूर कापल्याशिवाय राहवत नाही अशा माणसाला नोकरी देतात, त्याचे हे परिणाम.) शेवटी उरलं ते असं: 'आईची पंचाहत्तरी आहे. माहेरचं लुगडं घेऊन या.' मुक्तानं तीही अक्षरं पांढऱ्यावर पांढरीच उठवली.

"दिसत तं काईच नाई," आई म्हणाली.

"आजी, तिरपं धरून बघ. हळूच दिसतं. तीच तर मजा आहे."

"दादाच्या डोळ्यात मोतीबिंदू हाये. त्याले मी सरळ धरून दिसत नाई, अन् हे तिरपं धरून दिसन?"

मुक्तानं तिला रंगाचा साधेपणा समजावून सांगितला. आईनं ऐकून घेतलं आणि हळद-कुंकवाचा करंडा आणला. आमच्याकडे शुभकार्याचं पत्र चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावल्याशिवाय घराबाहेर जात नाही. मुक्तानं माझ्याकडे दीनवाणं पाहिलं. त्या पांढऱ्या कागदावर पिवळा ठिपका म्हणजे तिच्या चार दिवसांच्या कामाची राखरांगोळी होती.

"मी लावतो," मी म्हणालो आणि करंडा, कार्ड, पाकीट घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. करंडा उघडला नाही. कार्ड पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवून कोपऱ्यावर अंगठा दाबला.

अंगठा निळा होता. सकाळी निळ्या शाईवर ठसा तपासून पाहिला होता, त्याची ती खूण डिंकानं पुन्हा ओली झाली होती. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर माझा ठळक अंगठा उमटला, आणि हातकागद पातळ असल्यामुळे शाई आतल्या कार्डापर्यंत पोचली. नवीन कार्ड करायचं तर पूड संपलेली. मी शांतपणे विचार केला. पोलादी पट्टी घेतली, कटर घेतला आणि पाकीट व कार्ड यांचा तो एक कोपरा एका फटक्यात तिरपा कापून टाकला. कापणी सरळ आली. आतलं कार्ड त्या फटीतून किंचित डोकावत होतं.

"बाबा, एकदम डिझाईन वाटतं," मुक्ता म्हणाली.

मलाही वाटलं. मी ते पोस्टात टाकून आलो. "हळद-कुंकू लावलं ना?" आईनं विचारलं. "झालं," मी म्हणालो. हे उत्तर संदिग्ध होतं, पण संदिग्ध उत्तरं ओळखणं हे माझं काम होतं, तिचं नव्हे.

वडनेरला काय झालं ते मामींच्या तोंडून नंतर कळलं. घरातल्या त्या एकमेव प्रत्यक्षदर्शी.

पोस्टमन रोज सायकलची घंटी वाजवत येतो. त्या दिवशी त्यानं घंटी वाजवली नाही. फाटकाबाहेरच उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "काका, बाहेर या. घरात नेऊ नका."

कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताचं पत्र, हे आमच्या जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर उभ्यानं वाचतात, फाडून टाकतात आणि आंघोळ करतात. मलाही हे ठाऊक होतं. त्यावर मी एका पुरवणीत लेखही लिहिला होता.

मामांच्या मागोमाग मामी बाहेर आल्या. त्यांनी पाकीट फोडलं. कार्ड पांढरंशुभ्र. प्रवासात तव्यावर कच्ची राहिलेली अक्षरं झडून गेली होती. पोस्टमननं कार्ड उन्हात तिरपं धरलं आणि उरलेलं वाचून दाखवलं. "'आईची'... मंग काई नाई... 'लुगडं घेऊन या'."

सवाष्ण बाई गेली की तिचं शेवटचं लुगडं माहेरहून येतं. हिरवं. हेही त्या फाटकापाशी कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"पण कोणाची आई?" मामींनी विचारलं. "चिठ्ठीवर नाव तं नाई. फोन लावून पाह्य."

"मयताच्या घरी फोन लावून कोण मेलं म्हणून इचारू?" मामा म्हणाले. त्यांनी कार्ड हातात घेतलं. दिसत काही नव्हतं, म्हणून बोटं फिरवली आणि मध्येच थांबले.

"काय हाये?" मामींनीही बोट लावलं. "कोंबडी हाये वाट्टे."

"मोर होय तो," मामा म्हणाले. "माहा मोर. शांतीपाशी होता." आणि ते तिथेच फाटकाला धरून खाली बसले. शेपटीजवळ घसरलेला चाकू त्यांच्या बोटाला सापडला होता.

मग भाडोत्री जीप आली. हिंगणघाटला जीप थांबवून मामांनी स्वतः उतरून हिरवं लुगडं घेतलं. भावकीतले चारपाच जण खांद्यावर पांढरे दुपट्टे टाकून बरोबर निघाले.

सेलूला आमच्याकडे त्या दुपारी पंचाहत्तरीची तयारी चालू होती. दारात मांडव पडला होता आणि मांडववाल्यानं प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या. (मांडव आणि खुर्च्या दोन्ही प्रसंगी सारख्याच असतात. हा उणेपणा आजवर कोणाच्या लक्षात आलेला नाही.) पहिल्या खुर्चीवर बाबूजी एकटे बसले होते. उदास, गप्प, आणि मिशी नसलेले.

जीप थांबली. मामींनी मांडव पाहिला, खुर्च्या पाहिल्या आणि शेवटी बाबूजींचा ओठ पाहिला. "मिशीबी काढली भाऊजींनं," त्या म्हणाल्या. "उरकलं वाट्टे सारं. आपल्याले मुख पाहालेबी नाई भेटलं."

हे ऐकून मामांनी जो हंबरडा फोडला तो मी मागच्या अंगणातून ऐकला. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं तो आवाज ओळखला. हातातली पळी टाकून ती धावत बाहेर गेली. तिला दिसलं ते असं: इतक्या काळानं भाऊ दारात, पांढरे दुपट्टे, रडणारी वहिनी. तिनं रास्त तो निष्कर्ष काढला. माहेरी कोणीतरी गेलं. तिनं मामांच्या गळ्यात पडून त्यांच्याहून वरच्या पट्टीत सूर लावला.

बहीणभाऊ एकमेकांना घट्ट धरून रडत होते. शेजारच्या बायका धावत आल्या आणि विचारपूस न करता रडू लागल्या. मांडववाल्यानं टोपी काढली. बाबूजी उभे राहिले आणि कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून वाट पाहू लागले.

"दादा," आईनं हुंदक्यातून विचारलं, "कोण गेलं गा?"

मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि वर पाण्याचे लोट. "शांती गेली वं बाई."

"कोणती शांती?"

"कोणती म्हणून काय इचारतं? आपली शांती. माही बहीण."

आईनं रडणं थांबवलं. त्यांच्या खांद्यावरून हात काढला, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "दादा, मी तं इथं उभी आहो."

मामांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. ठशावरून बोटं फिरवली होती तशीच. मग त्यांनी हात खाली घेतले आणि फक्त एवढंच विचारलं, "मंग भाऊजींची मिशी कुठं गेली?"

चौकशी मांडवातच झाली. पुरावा म्हणून कार्ड पुढे आलं. (रिवाजाप्रमाणे ते फाडायला हवं होतं. मामांना मोर फाडवला नव्हता.) आईनं ते हातात घेतलं, कापलेला कोपरा पाहिला, उरलेले तीन कोरे कोपरे पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हळद-कुंकू?"

मी विषय डिझाईनकडे वळवायचा प्रयत्न केला.

"भाच्या," मामा म्हणाले, "चारही कोपरे कापले असते तं डिझाईन झालं असतं. एकच कापला तं बातमी झाली. पेपरात होता ना तू? काय करत होता तिथं?"

मी कोणतं पान पाहायचो ते मुक्तानं त्यांना सांगितलं. तिनं ते टाळलं असतं तरी चाललं असतं. मामांचे खांदे हलू लागले. ते पुन्हा रडतायत असं समजून शेजारची एक बाई पुन्हा सुरू झाली. पण मामा हसत होते. हसता हसता त्यांना तो दिवाळीतला खोकला आला.

आता प्रश्न राहिला लुगड्याचा. मामी ते पदराआड लपवत होत्या. आईनं हात पुढे केला.

"आक्का, हे नका मागू," मामी म्हणाल्या. "हे कशाचं म्हणून आणलं ते तुमाले माईत हाये. उद्या सकाळी दुसरं घेऊन येतो."

"माहेरचं हाये ना?"

"हाव, पण..."

"मंग झालं. मेल्यावर नेसवलं असतं तं मले दिसलं असतं का? जित्यापणी नेसलं तं पाहाले तं भेटन." आईनं घडी उलगडली, काठ चिमटीत धरून पाहिला. "काठ बरा हाये. घासाघीस केली का दादा?"

"मयताच्या लुगड्यात घासाघीस करते का कोणी?"

"मंग लुटलं तुले त्यानं."

"आता मले पुन्हा एक आणा लागन," मामा कुरकुरले. "हे तं तू उद्याच वापरून टाकते."

"आणजो," आई म्हणाली. "घाई नाई."

दुसऱ्या दिवशी आई हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. मामा तिच्या उजव्या हाताला. भावकीतले चौघे जेवायला थांबले. पांढरे दुपट्टे त्यांनी हात पुसायला वापरले. मुक्तानं उरलेल्या निळ्या शाईत ठसा बुडवून मामांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी पाहुण्यांच्या प्रत्येक पत्रावळीशेजारी, थेट जमिनीवर, एकेक मोर उमटवला. न पाहता, अलगद, फरशीनं अंग थरथरवायच्या आत उचलल्यासारखा. बाबूजींनी आपल्या मोराकडे बराच वेळ पाहिलं आणि कित्येक तासांत पहिलं वाक्य उच्चारलं. "कोंबडी चांगली आली."

जीपमध्ये बसताना मामांनी मला जवळ बोलावलं. "भाच्या, पुढच्या खेपेस काई कापू नको, काई भाजू नको. मोबाईलवर टाकजो. मी समजून घेतो."

त्याप्रमाणे आता मी मोबाईलवर टाकतो. वाढदिवस, बारसं, सत्यनारायण. शेवटी 'हेच निमंत्रण समजावे' असतंच. मजकूर पोचल्याची खूण उमटते आणि पाठोपाठ सेलूच्या घरचा फोन वाजतो. वडनेरहून असतो. आई उचलते, "इथंच आहो दादा, आहो" एवढंच म्हणते आणि ठेवते.

मग मामा मामींकडून मला उत्तर पाठवतात, 'समजलो.' निधनवार्तांच्या पानावर बसून ज्यानं एकही जिवंत माणूस छापला नाही, त्याच्या शब्दावर त्याच्या सख्ख्या मामाचा एवढा विश्वास आहे.